चवदार तळ्याच्या काठी बसायला जागा हवी

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी २० मार्च २०२७ ही. शताब्दी म्हटली की आपल्याकडे काय काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. समिती नेमली जाते, निधी जाहीर होतो, कमान उभी राहते, कोनशिलेवर नावांची रांग लागते, मान्यवरांसाठी वेगळा मंडप पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपरिषदेचे सफाई कामगार उरलेला कचरा उचलतात. यातले काहीच होऊ नये असे कोणी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या घटनेची आठवण गाजावाजा करूनच व्हायला हवी. तरीही या निमित्ताने एक लहान मागणी पुढे ठेवायची आहे, जी अनेकांना किरकोळ वाटेल. चवदार तळ्याचा काठ ही महाड-पोलादपूरच्या कोणाही माणसाला, वर्षाच्या कोणत्याही दिवशी, काही विकत न घेता आणि कोणाला कारण न सांगता तासभर स्वस्थ बसता येईल अशी जागा झाली पाहिजे. झाडांची सावली, टेकायला पाठ असलेली बाके, समोर स्वच्छ पाणी आणि भोंग्यांपासून सुटका, एवढीच तिची सामग्री. ही मागणी स्मारकाच्या शेजारी एखादी बाग करा अशी नाही. १९२७ मध्ये ज्या गोष्टीसाठी डोकी फुटली ती गोष्ट रोजच्या वापरात आणणे, हेच या स्मारकाचे मुख्य काम आहे, असा तिचा अर्थ आहे.

ते भांडण नेमके कशावरून झाले, हे त्यासाठी पुन्हा पाहिले पाहिजे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. यादी किती साधी आहे पाहा. तिच्यात सिंहासन नाही, गाभारा नाही. माणूस आठवड्यातून दहा वेळा जिथे जातो अशाच जागा तिच्यात आहेत. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी आपले तळे सर्वांना खुले केले. कागदावर काम संपले. प्रत्यक्षात पुढची तीन वर्षे त्या तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवण्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण होते, नगरपालिकेतले सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळातही ही माणसे शिरणार अशी आवई उठली, जेवणाच्या मंडपापर्यंत लाठ्या आल्या, माणसे जखमी झाली, काहींनी मुसलमान घरांत आसरा घेतला. मग तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरमधली परिषद आपल्याला मनुस्मृतीच्या दहनामुळे आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेची एक बाजू जागेची आहे, ती फारशी बोलली जात नाही. मंडप घालायला महाडात जागा मिळेना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. सनातनी मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. तळे खासगी स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये अशी फार जुनी वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. हजारो माणसे जमलेली असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब ठेवला, कारण एकदा न्यायालयात गेलेला प्रश्न त्यांना न्यायालयातच जिंकायचा होता. महाड, ठाणे आणि अखेर मुंबई उच्च न्यायालय असा तो दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. सत्याग्रहाला दहा वर्षे व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. तेव्हापासून या तळ्याबद्दल जे विधान करता येते ते महाराष्ट्रातल्या फार थोड्या जागांबद्दल करता येईल: ही जागा सर्वांची आहे, आणि ती सर्वांची नाही असे म्हणणाऱ्यांना न्यायालयाच्या प्रत्येक पायरीवर आपले म्हणणे मांडायची संधी मिळून ते हरलेले आहेत. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही असे कलम आले. महाडचा लढा ठाऊक असलेल्या माणसाला त्या यादीतल्या दुसऱ्या शब्दाशी थांबावेच लागते.

आता प्रश्न असा की शांत बसायच्या जागा आपल्याकडे कमी होत्या का? मुळीच नव्हत्या. कोकणातल्या गावाला देवळाचा सभामंडप असतो, पिंपळाचा पार असतो, देवराई असते, नदीचा घाट असतो, तालेवाराच्या घराची पडवी असते. या जागांबद्दल मराठीत भरभरून लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे खरेही आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी सभामंडपाच्या गार फरशीवर जो विसावा मिळतो तो कुठल्या वातानुकूलित खोलीत मिळत नाही. पण हे लिहिणारे बहुतेक जण त्या फरशीवर बसू शकणाऱ्यांपैकी होते. ज्याला पायरीखालूनच नमस्कार करून परतावे लागत होते त्याने पाराच्या सावलीचे गोडवे कसे गावेत? पारावर कोण बसणार, कोण खाली बसणार, कोण लांबून जाणार आणि बायकांनी तिकडे फिरकायचेच नाही, हे सगळे ठरलेले होते. आजही कित्येक ठिकाणी ते न बोलता पाळले जाते. म्हणजे आपल्याकडे शांतता होती, पण ती वाटून दिलेली होती. त्या जुन्या जागा वाईट म्हणून सोडून द्याव्यात असे नाही. मात्र सर्वांनी एकत्र बसायची जागा शोधायची असेल, तर ती त्यांच्यात शोधण्यापेक्षा जिच्यावरचा सर्वांचा हक्क लढून, मार खाऊन आणि खटला जिंकून मिळाला आहे तिथून सुरुवात करणे अधिक सरळ. महाडकरांच्या सुदैवाने ती जागा शहराच्या ऐन मध्यात आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाड म्हणजे काही मुंबई नव्हे. चहूकडे सह्याद्री, पावसाळ्यात डोळे निवतील अशी हिरवळ, सावित्री आणि गांधारी अशा दोन नद्या. इथल्या माणसाला बागेची काय गरज? वरवर पाहता बिनतोड वाटणारा हा मुद्दा एका फरकाकडे दुर्लक्ष करतो. डोळ्यांना दिसणारा डोंगर आणि पायाला पोचणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगर कोणाच्या तरी मालकीचा असतो किंवा वनखात्याचा असतो. नदीचा काठ कुठे गाळाचा, कुठे झाडीचा, कुठे भिंतीआड गेलेला. प्रत्यक्षात गावात आलेल्या माणसाचा वेळ कुठे जातो ते बघा. तालुक्याच्या कामासाठी वाडीवरून आलेला म्हातारा तहसील कचेरीत साहेब जेवायला गेले की कुठे टेकतो? परतीची एसटी दोन तासांनी असलेली कॉलेजची मुलगी कुठे पुस्तक उघडते? दवाखान्यात दाखल केलेल्या माणसाची बायको रात्रभर जागून सकाळी कुठे दोन घटका डोके टेकते? बिरवाडीच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा, एका खोलीत पाच-सहा जणांसह राहणारा परप्रांतीय कामगार सुट्टीच्या दिवशी कुठे जातो? हॉटेलात बसायचे तर चहा मागवावा लागतो आणि चहा संपला की उठावे लागते. स्टँडवर बसायचे तर गाड्यांचा धूर आणि ध्वनिक्षेपक. बाजारपेठेतल्या दुकानाच्या पायरीवर बसले तर दुकानदाराची नजर. या सगळ्यांना डोंगर दिसतो खरा, पण त्यावर बसता येत नाही.

या गरजेला महाड-पोलादपूरपुरते एक जास्तीचे, जड कारण आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या दोन तालुक्यांनी जेवढे मृत्यू एकदम पाहिले तेवढे पाहणारा भाग राज्यात क्वचितच असेल. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत पडून ३० जण दगावले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी बसली, त्यात १६ जण गेले. २२ जुलै २०२१ ला तळिये गावातल्या वाडीवर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पावसात महाड शहर पाण्याखाली होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधी कारखान्याच्या आगीने ११ कामगारांचा बळी घेतला. प्रत्येक वेळी मंत्री आले, धनादेश वाटले गेले, चौकशा लागल्या. हे सगळे हवेच. पण ज्यांचे माणूस गेले त्यांना नंतरच्या महिन्या-वर्षांत शहरात कुठेतरी मुकाट बसावेसे वाटते, त्याची सोय कोणाच्याही खात्यात बसत नाही. घर भरलेले असते, देवळात ओळखीचे भेटतात आणि तेच तेच विचारतात. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळ एक छोटी बाग आहे. जुन्या चर्चच्या दफनभूमीची १८८० मध्ये बाग केलेली आणि आसपासच्या टपाल कचेरीतले लोक तिथे येऊन बसायचे म्हणून ‘पोस्टमन्स पार्क’ नावाने ओळखली जाणारी. तिच्या एका छपराखालच्या भिंतीवर, दुसऱ्याला वाचवताना स्वतःचा जीव गमावलेल्या साध्या माणसांची नावे फरश्यांवर लिहिली आहेत. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराने १९०० मध्ये ती भिंत उभी केली. बाकीची बाग डबा खाणाऱ्यांची आहे. शोक आणि दुपारचे जेवण एकाच जागी चालते आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर, आणि तो ज्यांनी हा वारसा जपला त्यांच्याकडून येतो. चवदार तळे ही क्रांतिभूमी आहे. तिची बाग केली की तिथे भेळ येईल, फुगे येतील, सेल्फी येतील, आणि लढ्याची जागा सहलीची होऊन बसेल. इतर ठिकाणी आपण हे होताना पाहिलेच आहे, तेव्हा ही भीती निराधार नाही. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ च्या भाषणात सांगितले होते की आपण काही नुसते पाणी प्यायला या तळ्यावर जात नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला जात आहोत. त्या सभेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली होती. इतक्या उंचीवरच्या घटनेला बाकड्यांच्या मापात बसवणे हा तिचा अपमान नाही का? त्याच भाषणाच्या आधारे याचे उत्तर देता येते. माणसाने माणसासारखे असणे म्हणजे काय, याची कसोटी मोठ्या दिवशी लागत नाही. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला देशभरातून अनुयायी येतात, तळ्याच्या काठाला उभे राहायला जागा मिळत नाही. त्या दिवशी कोणी कोणाला अडवण्याचा प्रश्नच नसतो. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. सप्टेंबरमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी चवदार तळ्यावर कोण असते? महाडच्या वेगवेगळ्या आळ्यांतली, वेगवेगळ्या जातींची, धर्मांची माणसे तिथे एका बाकावर बसतात का? की ते ‘त्यांचे’ स्मारक म्हणून गावातला एक भाग बाजूने निघून जातो आणि वर्षातून दोनदा वाहतूक वळवली म्हणून कुरकुरतो? शंभर वर्षांपूर्वी एका समाजाला तळ्यापासून दूर ठेवले होते. आज दुसऱ्या बाजूचे लोक आपण होऊन दूर राहत असतील, तर समतेच्या हिशेबात ती तूटच आहे. ज्या दिवशी वीरेश्वराच्या आळीतली आजी नातवाला घेऊन संध्याकाळी चवदार तळ्यावर बसायला येईल, आणि शेजारी बसलेल्या बाईला तिचे गाव विचारील पण आडनाव विचारणार नाही, त्या दिवसाचे मोल मला कोणत्याही कमानीपेक्षा जास्त वाटते.

भेळ आणि फुग्यांचे काय? त्याला नियम आहेत, ते पाळून घ्यावे लागतील. गाड्या लांब, ध्वनिक्षेपक बंद, काठावर विक्री नाही. शांत जागेला पावित्र्य असू शकते आणि तरी ती सार्वजनिक राहू शकते, हे पटत नसेल तर मुंबईच्या फोर्टात जाऊन पाहावे. महाड-पोलादपूरच्या घराघरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला गेली. हा भाग त्यांच्या रोजच्या वाटेवरचा. तिथे १७१८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च आहे आणि त्याच्या जवळच हॉर्निमन सर्कलची गोल बाग. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना इंग्रज सरकारने १९१९ मध्ये देशाबाहेर काढले होते, स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टनचे नाव जाऊन बागेला त्यांचे नाव मिळाले. चारी बाजूंनी बँका, कचेऱ्या, टॅक्सी. मध्ये झाडे. बागेतल्या माणसाला कोणी धर्म विचारत नाही आणि चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्यालाही सहसा विचारत नाही. शहराच्या गर्दीत प्रार्थनेची जागा आणि बाग शेजारी-शेजारी असली की दोन्ही एकमेकींना सांभाळतात. प्रार्थनेमुळे बागेत आवाज कमी राहतो आणि बागेमुळे प्रार्थनेच्या जागेची दारे उघडी राहतात.

हा काही विलायती शोध नाही. महाडपासून दोनेक किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, पाले गावाच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. सुमारे तीस लेणी, अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची. बाणकोटच्या खाडीतून मालवाहू होड्या सावित्रीने वर यायच्या, माल घाटावर जायचा. अशा धकाधकीच्या व्यापारी वाटेवर, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, डोंगरात ही शांत घरे कोरली गेली. तिथल्या ब्राह्मी लेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराच्या दानाची नोंद आहे. त्याने काय काय दिले? लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, दोन्ही अंगांना पाण्याची एकेक पोढी, आणि लेण्याकडे येणारी वाट. मला या यादीतली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पूजेची जागा केली की काम झाले असे त्याला वाटले नाही. बसायला-राहायला आडोसा, प्यायला पाणी आणि चालत येता येईल असा रस्ता मिळून ती जागा पुरी होते, हे त्याला कळत होते. आजच्या स्मारकांच्या आराखड्यात पुतळ्याची उंची फुटांत दिलेली असते आणि पिण्याच्या पाण्याचा नळ बहुधा विसरलेला असतो.

मग येतो सुरक्षिततेचा आक्षेप, जो नगरपरिषदेच्या सभेत सर्वात आधी निघेल. उघडी जागा ठेवली की जोडपी येतात, दारुडे येतात, टवाळ पोरे येतात. म्हणून कठडा घाला, फाटक लावा, संध्याकाळी सात वाजता कुलूप. यातला पहिला शब्द तर मला आक्षेपच वाटत नाही. लग्न ठरलेल्या किंवा ठरवू पाहणाऱ्या दोन तरुणांनी शहरात बोलायचे कुठे, याचे उत्तर आपण कधी तरी दिले आहे का? दारुड्यांचा प्रश्न खरा आहे, पण कुलपाने तो सुटत नाही. कुलूपबंद जागेत भिंतीवरून उडी मारून जाणारा तोच असतो. सभ्य माणूस फाटक बघून परत फिरतो. जागा सुरक्षित होते ती तिथे सर्व वयांची माणसे असल्यामुळे, विशेषतः बायका असल्यामुळे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावरून २०११ मध्ये लिहिलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात हेच मांडले आहे. आपल्या शहरांत बाईला बाहेर असण्यासाठी सतत काही तरी काम दाखवावे लागते, हातात पिशवी नाही तर मूल असावे लागते; नुसते उभे राहण्याचा, रेंगाळण्याचा हक्क पुरुषाला आहे, तिला नाही. मुंबईत ही स्थिती, तर महाड-पोलादपूरचे वेगळे सांगायला नको. इथे कट्टा म्हणजे पुरुषांचा कट्टा. आठवड्याच्या बाजाराला डोक्यावर ओझे घेऊन आलेली बाई ते उतरवून बसते ती रस्त्याच्या कडेला, उकिडवी. तिला बसायला हक्काचे बाक मिळणे ही चैन नव्हे. मनुस्मृती जाळली तेव्हा बायकांवर लादलेली बंधनेही त्या ज्वाळेत टाकली होती, हे तिथे दरवर्षी भाषणांत सांगितले जाते.

पैशाचा प्रश्न शेवटी येतो, आणि खरे तर तोच सर्वात सोपा आहे. पूर आला की गाळ काढायला, रस्ते दुरुस्त करायला पैसा पुरत नाही, तिथे हे लाड कशाला, असे विचारले जाईल. पण या मागणीत खर्चिक असे काही नाही. खर्चिक असते ते आपले नेहमीचे सुशोभीकरण: पेव्हर ब्लॉक, ग्रॅनाइटचे कठडे, रंग बदलणारे कारंजे, फायबरचे हत्ती, आणि ‘आय लव्ह’ म्हणणारी प्रकाशमान अक्षरे, ज्यातले एक अक्षर दुसऱ्या पावसात विझते. कोकणच्या पावसात टिकतात ती झाडे. करंज, कडुनिंब, बकुळ, सुरंगी, पिंपळ. यांतली काही सावलीला चांगली, काही सुगंधाला. बांधीव काठावर सिमेंट ओतण्याऐवजी जिथे शक्य तिथे माती मोकळी ठेवली तर पावसाचे पाणी मुरेल. दर काही वर्षांनी बुडणाऱ्या शहराला मोकळी माती नकोशी का असावी? खरा खर्च देखभालीचा आहे आणि आपल्याकडे पैसा नेमका तिथेच नसतो. बांधकामाचे देयक निघते, झाडूवाल्याचा पगार निघत नाही. याबाबत पुन्हा जुन्या लेण्यांकडेच वळावे लागते. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने लेणे दिले आणि जोडीला ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमच्या ठेवीने गुंतवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून तिथे राहणाऱ्या भिक्षूंचा खर्च चालवायचा. व्याजाचा दरसुद्धा दगडावर कोरून ठेवला, म्हणजे पुढे कोणी वाद घालायला नको. शताब्दीसाठी जो काही निधी येईल त्यातला एक ठरावीक हिस्सा असा मोडता न येणारा ठेवावा आणि त्याच्या व्याजावर दोन माळी, पाण्याची नियमित तपासणी आणि स्त्रियांसाठी एक स्वच्छ, चालू स्वच्छतागृह चालवावे. एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले.

पोलादपूरची गोष्ट थोडी वेगळी. ते गाव वाटेवरचे. एक रस्ता कशेडी घाटाने खेडकडे, दुसरा आंबेनळीने महाबळेश्वरकडे. दिवसभर गाड्या थांबतात आणि निघून जातात, गावाला मात्र थांबायला जागा नाही. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे, आणि उमरठला नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे. या जागांचे महत्त्व पुन्हा पुन्हा सांगितले जाते, पण तिथे जाऊन बसावे असे किती जणांना वाटेल? कवीच्या समाधीजवळ दोन झाडे, चार बाके आणि एखादे वाचनाचे कपाट ठेवायला नगरपंचायतीला कोणत्याही राज्यस्तरीय समितीची वाट पाहावी लागू नये.

महाड नगरपरिषदेच्या सदस्यांना आणि तिथल्या मतदारांना एक विनंती आहे. शताब्दीचा आराखडा सभेपुढे येईल तेव्हा त्यात तीन गोष्टी आहेत की नाहीत ते पाहा: काठावर सावलीत बसायची किती जागा धरली आहे, रात्री नऊपर्यंत फाटक उघडे राहील का, आणि २१ मार्च २०२७ नंतरच्या देखभालीचे पैसे कुठून येणार आहेत. तीनपैकी एकाचेही उत्तर नसेल तर आराखडा परत पाठवा. आणि तोपर्यंत, महाडात कामाला आलात आणि हाताशी अर्धा तास असला, तर स्टँडवर उभे राहू नका. तळ्यावर जाऊन बसा.